विजेचे काम देण्यापूर्वी

(जीर्णोद्धाराचे काम चालू असताना मंदिराच्या प्रांगणात भरलेल्या ग्रामस्थ व देणगीदारांच्या सभेतील भाषण)



अध्यक्षांनी मला आज्ञा केली की, विजेच्या कामाबद्दल चार शब्द सांगा. मी वीजतंत्री नाही. तारा कशा जोडाव्यात हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. तालुक्याच्या कचेरीत कारकून म्हणून कागद तपासण्यात माझी वीस वर्षे गेली. त्यामुळे काम कोणाच्या हाती द्यावे आणि तत्पूर्वी त्याचे कागद कसे पाहावेत, एवढेच मी माझ्या अल्पमतीप्रमाणे सांगणार आहे.

भैरवनाथाच्या कृपेने गाभाऱ्याचे काम झाले, सभामंडपाचा स्लॅब पडला, शिखरही उभे राहिले. दगडाच्या कामाला आपण कारागीर निवडले तेव्हा त्यांनी बांधलेली तीन देवळे समितीने जीपने फिरून पाहिली. संगमरवर घेताना तुकडा हातात घेऊन पाहिला. आता विजेचे काम द्यावयाचे आहे. समितीकडे दोन दरपत्रके आली आहेत. एकावर ठेकेदाराचा लायसन्स क्रमांक आहे, दुसऱ्यावर नाही. दुसरे दरपत्रक ३५ हजार रुपयांनी कमी आहे. साहजिकच आपल्यापैकी पुष्कळांचे मत कमी दराच्या बाजूने आहे. पैसा देवाचा आहे, तो वाचला पाहिजे, ही भावना चांगलीच आहे. पण मत देण्यापूर्वी माझे थोडे ऐकून घ्यावे, ही विनंती.

प्रथम हे लक्षात घेऊ की, देवळातील वीज ही घरातल्या विजेहून अधिक जपण्याची वस्तू आहे. घरात आपण कोरड्या फरशीवर चप्पल घालून बटण दाबतो. देवळात माणूस अनवाणी येतो, पाय धुऊन येतो. गाभाऱ्यात अभिषेकाचे पाणी वाहते. दर्शनबारीला लोखंडी किंवा स्टीलचे कठडे असतात आणि यात्रेच्या दिवशी त्याच कठड्याला एकाच वेळी पन्नास माणसांचे हात लागलेले असतात. त्या कठड्यात वीज उतरली तर काय होईल, याची कल्पना करून पाहा.

तमिळनाडूत तंजावरजवळ कळिमेडू येथे २७ एप्रिल २०२२ रोजी पहाटे देवाचा रथ वरून गेलेल्या उच्च दाबाच्या तारेला लागला आणि ११ भाविक मृत्यू पावले. उत्तर प्रदेशात बाराबंकी जिल्ह्यातील एका महादेव मंदिरात २८ जुलै २०२५ रोजी विजेची तार पत्र्याच्या शेडवर पडली, लोक घाबरून पळू लागले आणि चेंगराचेंगरीत दोघांचा जीव गेला. ही माणसे देवदर्शनासाठीच आली होती. वीज देवळात आली म्हणून सौम्य होत नाही.

आपल्यात एक समज आहे की, एमसीबी बसविला म्हणजे माणूस सुरक्षित झाला. एमसीबी हा वायरला वाचवतो. ४० वॅटचा साधा दिवा सुमारे १७५ मिलीअँपिअर प्रवाह घेतो. त्याच्या निम्म्याहून कमी प्रवाह छातीतून क्षण-दोन क्षण गेला तरी माणसाचे हृदय बंद पडू शकते. पण ६ अँपिअरचा एमसीबी ६,००० मिलीअँपिअर होईपर्यंत स्वस्थ बसून राहतो. माणसाला वाचविण्यासाठी चांगले अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरला बंद पडणारा आरसीसीबी लागतो. आता दोन्ही दरपत्रके शेजारी ठेवून पाहा. स्वस्त दरपत्रकात अर्थिंगची बाब नाही, आरसीसीबी नाही आणि चाचणी अहवालाचा उल्लेखही नाही. ते ३५ हजार रुपये कुठून वाचले, ते यावरून समजते.

आता कायद्याकडे वळू. सरकारने लायसन्स दिलेल्या ठेकेदाराकडूनच विजेच्या मांडणीचे काम करून घ्यावे, हा नियम काही आजचा नाही. १९५६ सालच्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमात तो होता. पुढे २००३ चा विद्युत अधिनियम आला. त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली सुरक्षिततेचे विनियम केले आणि २०२३ साली ते नव्याने केले. ही अट मात्र कायम राहिली. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलणे अशा किरकोळ गोष्टींना सूट आहे. पण नवी वायरिंग करणे, वाढवणे किंवा तिच्यात फेरबदल करणे यासाठी तीन कागद लागतात. ते तीन कागद असे :

पहिला, विद्युत ठेकेदाराचे लायसन्स. दुसरा, कामावर देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षकाचे सक्षमता प्रमाणपत्र. तिसरा, प्रत्यक्ष हाताने काम करणाऱ्या तारतंत्र्याचा, म्हणजे वायरमनचा परवाना. काम घेणारा, काम पाहणारा आणि काम करणारा, या तिघांचेही कागद हवेत. एकाचा कागद दुसऱ्याला चालत नाही.

येथे फसगत होण्याचा संभव असतो. लेटरहेडवर ‘सरकारमान्य’, ‘रजिस्टर्ड’ असे ठळक अक्षरात छापलेले असते. आपण विचारले की, जीएसटीचा क्रमांक दाखवितात. तो कर भरण्यासाठी असतो. दुकानाचा गुमास्ता परवाना दाखवितात. तो दुकान चालविण्यासाठी असतो. आयटीआयचे प्रमाणपत्र दाखवितात. ते शिक्षणाचे आहे आणि चांगले आहे, परंतु परवाना त्यानंतर वेगळा घ्यावा लागतो. सार्वजनिक बांधकाम खात्याकडील नोंदणी ही सरकारी कामे घेण्यासाठी आहे. हे सगळे कागद खरे असूनही विजेचे लायसन्स नसू शकते. म्हणून ‘कागद आहेत का?’ असे विचारू नये. ‘विद्युत ठेकेदाराचे लायसन्स दाखवा’ असे नाव घेऊन विचारावे.

लायसन्स पाहताना झेरॉक्सवर समाधान मानू नये. अस्सल पाहावे, मग झेरॉक्सवर ‘अस्सलवरून पाहिले’ असे लिहून सही-तारीख घालून ती समितीच्या दप्तरात ठेवावी. कागदावर पाच गोष्टी पाहाव्यात. नाव दरपत्रकावरील नावाशी जुळते का? क्रमांक स्पष्ट वाचता येतो का? मुदत कधी संपते? आपले काम पूर्ण होऊन चाचणी होईपर्यंत ती पुरते का? कामाच्या दाबाची किंवा प्रकाराची काही मर्यादा त्यावर लिहिली आहे का? मुदत संपलेले लायसन्स म्हणजे उतरून गेलेला विमा. कागद तसाच दिसतो, उपयोग मात्र नसतो.

माझ्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. गावाचे व माणसाचे नाव घेत नाही. एका सार्वजनिक इमारतीच्या फायलीत ठेकेदाराच्या लायसन्सची झेरॉक्स होती. शिक्का ठळक होता, सही ठळक होती. तारखेच्या जागी मात्र झेरॉक्स नेमकी काळी पडली होती. अस्सल मागितल्यावर आज देतो, उद्या देतो असे चालले. शेवटी मूळ कार्यालयात क्रमांकाची चौकशी केली, तेव्हा तो क्रमांक दुसऱ्याच माणसाचा निघाला. काम अर्धे झाले होते, निम्मी रक्कमही दिलेली होती. ती वसूल करता करता त्या लोकांच्या नाकी नऊ आले. चौकशीला एक पोस्टकार्ड किंवा एक फेरी पुरली असती, पण ती काम देण्याच्या आधी व्हावयास हवी होती.

ही चौकशी कोठे करावी? आपल्या राज्यात हे काम विद्युत निरीक्षकांच्या यंत्रणेकडे आहे. जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात समितीच्या लेटरहेडवर अर्ज द्यावा : अमुक क्रमांकाचे लायसन्स अमुक नावाने आहे का, चालू आहे का, ते कधी निलंबित झाले होते का? तोंडी उत्तरावर थांबू नये. लेखी उत्तर मिळण्यास अडचण आली, तर २००५ चा माहितीचा अधिकार अधिनियम आहे. साध्या कागदावर अर्ज, त्याला १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, आणि ३० दिवसांत उत्तर. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा व दीडशे शब्दांच्या आत असावा. शिवाय त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात असे म्हटले आहे की, ज्यांना परवाने व प्राधिकारपत्रे दिली त्यांचा तपशील कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करावा. म्हणजे हे विचारण्यात आपण कोणावर अविश्वास दाखवीत नाही, आपला हक्क बजावीत आहोत.

शेतकरी मंडळींना समजेल अशा भाषेत सांगतो. गुंठाभर जमीन घ्यावयाची झाली तरी आपण सातबारा पाहिल्याशिवाय इसार देत नाही. लायसन्स म्हणजे ठेकेदाराचा सातबारा. पण शहाणा माणूस नुसता सातबारा पाहून थांबत नाही. तो फेरफार काढतो, इतर हक्काचा रकाना वाचतो, बोजा आहे का बघतो. ठेकेदाराची मागची कामे म्हणजे त्याचे फेरफार, आणि त्याच्या कामावर झालेले अपघात, अर्धवट टाकलेली कामे, तक्रारी हा त्याचा बोजा. सातबारा स्वच्छ आणि बोजा मोठा, असेही असू शकते.

तेव्हा ठेकेदाराकडून त्याने गेल्या दोन-तीन वर्षांत केलेल्या कामांची यादी मागावी. त्यांतील निदान दोन ठिकाणी, आणि शक्यतो एका देवळात वा शाळेत, समितीने स्वतः जावे. दगडाचे काम पाहायला आपण गेलो, तसेच. तेथे दिव्यांची शोभा पाहू नये. मीटरच्या खोलीत जावे. बोर्डावर कोणते बटण कशाचे, हे लिहिले आहे का? वायर पाइपमधून गेली आहे की खिळ्यांवर लोंबते? अर्थिंगचा खड्डा कोठे आहे, हे तेथील माणसाला दाखविता येते का? मग त्या लोकांना विचारावे : चाचणी अहवाल दिला होता का? ठरल्यापेक्षा बिल वाढविले का? आणि पैसे मिळाल्यावर बिघाड झाला तेव्हा बोलावल्यावर आला का? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात माणसाची पारख होते. विजेच्या अपघाताची खबर विद्युत निरीक्षकांना देणे २००३ च्या अधिनियमाच्या १६१ व्या कलमाप्रमाणे बंधनकारक आहे. त्यामुळे गंभीर अपघात झाला असेल, तर त्याची नोंद त्या कार्यालयात असावयास हवी. तीही चौकशी त्याच अर्जाबरोबर करता येते.

आणखी एक प्रकार सर्वांनी लक्षात ठेवावा. काही ठिकाणी लायसन्स एकाचे असते आणि काम दुसराच करतो. लायसन्सवाला तालुक्यात किंवा जिल्ह्यात बसून थोडे पैसे घेऊन चाचणी अहवालावर सही करतो. त्याने ते देऊळ डोळ्यांनी पाहिलेलेही नसते. कागद पूर्ण होतो, महावितरणकडे जोडणीचा अर्जही जातो, पण काम मात्र कोणीच तपासलेले नसते. हा प्रकार लायसन्स नसण्यापेक्षा वाईट, कारण त्यात आपण निर्धास्त होतो. यावर उपाय सोपा आहे. करार करतानाच विचारावे की, शिडीवर कोण चढणार आणि खाली उभे राहून कोण पाहणार. त्या दोघांची नावे करारात लिहावीत, त्यांचे परवाने पाहावेत, आणि कामाच्या दिवशी तीच माणसे आली आहेत का, हे समितीच्या एका सभासदाने रोज वहीत टिपावे.

करार लेखी असावा. कोणती वायर, किती पॉइंट, किती अर्थिंग, कोणत्या जागी आरसीसीबी, हे बाबवार लिहावे. माल आयएसआय चिन्हाचा असावा व त्याची पावती समितीच्या नावे घ्यावी. पैसे चेकने टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा हप्ता चाचणी अहवाल हाती आल्यावरच द्यावा. चाचणी समितीच्या समोर व्हावी. ५०० व्होल्टच्या मेगरने वायरिंगची आणि अर्थ टेस्टरने अर्थिंगची. अहवालात आकडे हवेत. ‘सर्व ठीक आहे’ एवढेच लिहिलेला अहवाल म्हणजे रोगी न पाहता दिलेले औषध. ज्या ठेकेदाराकडे ही उपकरणेच नाहीत, त्याचे दर कितीही कमी असले तरी त्याला लांबून नमस्कार करावा.

यात्रेची रोषणाई आणि मांडवाचे कामही याच नियमात येते. तात्पुरती जोडणी रीतसर घ्यावी. आकडा टाकणे हा २००३ च्या अधिनियमाच्या १३५ व्या कलमाखाली गुन्हा आहे, हे निराळे सांगावयास नको. आणि पालखीच्या वाटेवर जेथे जेथे तारा आडव्या जातात, तेथे ठेकेदाराला आधी चालवून आणावे. छत्री, निशाण, अब्दागिरी यांची उंची त्याला प्रत्यक्ष दाखवावी.

आता एक नाजूक विषय. स्वस्त दरपत्रक ज्याचे आहे, तो आपल्याच गावचा मुलगा आहे. त्याचे वडील येथे बसले आहेत, त्यांच्याविषयी मला आदर आहे. मुलाच्या हातात कसब आहे. गावातील निम्म्या मोटारी त्याच्यामुळे चालू आहेत. तो म्हणाला, ‘काका, मी देवाचं काम म्हणून मजुरीसुद्धा कमी लावली आहे.’ त्याच्या भावनेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण सेवा म्हणून केले तरी नियम तोच आणि वीजही तीच.

आणि मी हे त्याच्याही भल्यासाठी बोलतो. उद्या देव न करो, पण काही झाले, तर पहिला प्रश्न विचारला जाईल की, काम कोणी केले आणि त्याचा परवाना कोठे आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याचा गुन्हा पूर्वी भारतीय दंडविधानाच्या ३०४-अ कलमाखाली होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाखाली येतो. त्या वेळी आपण सर्वजण म्हणू की, आम्हाला काय माहीत, त्याने केले. विश्वस्तांनाही उत्तर द्यावे लागेल, पण पहिल्याने तो पोरगा अडकेल. ३५ हजार रुपयांसाठी गावचा मुलगा असा उघड्यावर टाकणे, हे भैरवनाथाला आवडेल काय? त्यापेक्षा लायसन्सच्या ठेकेदाराशी बोलून त्याला मदतनीस म्हणून कामावर घ्यावे, त्याच्या हाताखाली मेगर धरायला शिकू द्यावे, आणि तारतंत्र्याच्या परवान्यासाठी त्याने अर्ज करावा. अर्ज भरण्याचे व कागद जोडण्याचे काम मी विनामूल्य करून देईन. पुढच्या यात्रेची रोषणाई परवानाधारक म्हणून त्याने केली, तर मला सर्वांत अधिक आनंद होईल.

देणगीदार बंधूंना एकच सांगतो. आपल्या नावाच्या पाट्या सभामंडपात लागणार आहेत आणि त्या लागल्याच पाहिजेत. ज्यांनी पंखे, झुंबर, ध्वनिक्षेपक देण्याचे कबूल केले आहे, त्यांनी ती वस्तू परस्पर आपल्या माणसाकडून बसवून घेऊ नये, समितीच्या ठेकेदाराकडे सोपवावी. दहा देणगीदारांच्या दहा माणसांनी दहा ठिकाणी तारा जोडल्या, तर कोणाच्या जोडणीची जबाबदारी कोणावर, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. लायसन्सचा खरा अर्थ हाच आहे की, जबाबदारी घेणाऱ्या एका माणसाचे नाव आपल्यापाशी असते.

म्हणून समितीपुढे मी तीन सूचना ठेवतो. त्या इतिवृत्तात नोंदवाव्यात. एक, दोन्ही दरपत्रकांचा निर्णय आज न करता ज्यावर लायसन्स क्रमांक आहे त्याची विद्युत निरीक्षक कार्यालयात लेखी चौकशी व्हावी आणि मागची दोन कामे पाहावीत. तो त्यात उतरला नाही, तर नवी दरपत्रके मागवावीत. दोन, लायसन्स, परवाने, करार, पावत्या आणि चाचणी अहवाल यांची एक फाइल विश्वस्तांच्या दप्तरात कायम राहावी. तीन, मीटरच्या खोलीत एक छोटी पाटी असावी, तिच्यावर ठेकेदाराचे नाव, लायसन्स क्रमांक, चाचणीची तारीख आणि पुन्हा चाचणी केव्हा, हे लिहावे. दर यात्रेपूर्वी ती पाटी वाचूनच मेन स्विच चालू करावा.

यात पंधरा-वीस दिवस जातील. कलशारोहणाचा मुहूर्त जवळ आला आहे, हे मला ठाऊक आहे. पण मुहूर्ताला समया आणि निरंजने पुरतात. आपल्या पूर्वजांनी त्यांच्याच उजेडात कितीतरी कलश चढविले. विजेचे दिवे चार दिवस उशिरा लागले तर देव रागावणार नाही. मात्र दर्शनाला आलेल्या लेकरा-बाळाचा हात त्या कठड्याला लागेल, तेव्हा तो कठडा थंड आणि निर्धोक असला पाहिजे.

  

भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!